परत आला, पण गेलाच नव्हता

कॅनडाने दार किती ओढून घेतले आणि अमेरिकेने एच-वन-बीच्या उंबरठ्यावर लाख डॉलरची पाटी कशी टांगली, हे वाचकांनी वाचले आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी दोनदा वाचले आहे. त्यावर बोलायला मोठी माणसे आहेत. आमचे डोके फिरले आहे ते एका टिचभर चौकोनामुळे. त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढेच भरायचे असते.

सीवूड्स स्थानकाच्या डोक्यावरच्या मॉलमध्ये परवा एका लॅपटॉपभोवती तीन डोकी जमली होती. एक बत्तीस वर्षांचा उमेदवार, एक त्याचे वडील आणि एक सल्लागार, ज्याची फी आधीच देऊन झाली होती. शेजारच्या टेबलावरचे ऐकू नये हे आम्हाला कळते, पण सल्लागार जमात हळू बोलत नाही. प्रकरण साधे होते. मुलाने कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीतून कायम वास्तव्याचा अर्ज केला होता. मधे कधीतरी आठ महिने तो दोह्याला नोकरीला होता. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने काढले, तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो. मुंबईचा जोडला, कतारचा राहिला. अर्ज परत आला. आता नव्याने भरायचा, तर फॉर्म विचारतो आहे: यापूर्वी कॅनडाच्या व्हिसासाठी कधी अर्ज केला होता का?

‘‘सर, हो करू की नाही?’’

‘‘नाही कर. परत आला म्हणजे गेलाच नव्हता.’’

‘‘अहो, पण पैसे भरले होते की आम्ही,’’ वडील म्हणाले.

‘‘तेही परत आले ना, काका!’’

वाईट याचे वाटते की हा गृहस्थ निम्मा बरोबर आहे. तिकडच्या नियमावलीतले कलम 10 अर्जाला काय काय जोडायचे ते सांगते आणि कलम 12 म्हणते, ते नसेल तर अर्ज कागदपत्रांसकट परत करा. नामंजूर नव्हे, परत. नामंजूर अर्ज निदान अधिकाऱ्याने वाचलेला असतो. परत आलेल्याला दारातच चप्पल घालायला सांगितलेले असते. आणि असा परत गेलेला अर्ज मुळात झालाच नव्हता, असे समजायचे असते.

आमच्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगून ठेवले आहेत. मडके घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव तो प्रागभाव, फुटल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. उरलेले दोन तूर्त राहू देत. पण मडके घडवले, भाजले, सातासमुद्रापार धाडले, तिथून ते अखंड परत आले आणि सोबत चिठ्ठी आली की माती अजून खणलेलीच नाही, हा पाचवा अभाव शोधायला ओटावाच लागले. गंमत म्हणजे अर्ज नव्हता असे सांगणारी ती चिठ्ठीच अर्ज होता याचा पुरावा. आणि अर्ज झाला नसला तरी वाढदिवस होतात. तिशी ओलांडली की चाळिशीपर्यंत प्रत्येक वाढदिवसाला एक्सप्रेस एंट्रीच्या गुणतक्त्यातून पाच-सहा गुण गळतात. ते काही कोणी फीबरोबर परत पाठवत नाही.

बरे, हा प्रश्न बसवला आहे कुठे? पूर्वेतिहासाच्या त्या फॉर्मवर एकाच प्रश्नाखाली उपप्रश्नांची रांग आहे. गुन्हा सिद्ध झाला होता का, पूर्वी अर्ज केला होता का, व्हिसा नाकारला होता का, कुठून हाकलले होते का आणि, त्याच दमात, वंशसंहारात सहभाग होता का. दोह्याचा दाखला विसरलेला सीवूड्सचा पोरगा आणि युद्धगुन्हेगार एकाच रांगेत, एकाच मापाच्या चौकोनासमोर. पलीकडच्या डीपीएस तलावावर दरसाल रोहित पक्षी उतरतात. त्यांना गेल्या दहा वर्षांचा महिनावार हिशेब विचारला तर एक पक्षी खाली येणार नाही. (उपमा ताणली आहे, मान्य. पण तलाव जवळ आहे.)

या प्रकारात कॅनडाचा हात जुना आहे. 2012 साली त्यांनी कायदाच केला आणि 27 फेब्रुवारी 2008 पूर्वी आलेले कुशल कामगारांचे तुंबलेले अर्ज एका फटक्यात संपवले. सुमारे 2 लाख 80 हजार माणसांची प्रतीक्षा फी परत करून मिटवून टाकली.  कित्येक वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या त्यांच्यापैकी एखाद्याने पुढे पुन्हा अर्ज केला असेल, तेव्हा त्या चौकोनात त्याने काय लिहिले असेल?

आमच्या लेखनाच्या धंद्यात या सगळ्याला दोन शब्द होते: साभार परत. आता ते गेले. हल्ली संपादक उत्तरच देत नाहीत, आणि त्याबद्दल आम्ही वेगळे लिहिणार आहोत. कितव्यांदा ते विचारू नये. पण त्या दोन शब्दांत केवढी सभ्यता होती! कथा आली होती, हे त्यात कबूल होते. आभार होते. परतीचे पाकीट लेखकानेच तिकीट लावून पाठवलेले असे, त्यामुळे फी परत करण्याचा प्रश्नही नसे. तीच कथा दुसऱ्या मासिकाकडे धाडताना ‘ही याआधी सत्यकथेकडून परत आली आहे’ असे मात्र कोणी लिहीत नसे, आणि त्या सल्लागाराचे गुरुकुल बहुधा तेच असावे.

फरक इतकाच की सत्यकथेकडे कलम 40 नव्हते. कॅनडाच्या कायद्यात ते आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली वा खोटी सांगितली तर पाच वर्षे दार बंद. पूर्वी दोन होती, 2014 पासून पाच झाली. म्हणजे अर्ज नव्हता, पण त्या नसलेल्या अर्जाबद्दल ‘नाही’ म्हटल्याची शिक्षा अंगावर येऊ शकते, आणि ती पाचव्या अभावात मोडत नाही. ‘अर्ज केला होता’ याला हो, ‘नाकारला’ याला नाही, आणि खाली खुलाशाच्या जागेत एक ओळ: कतारचा दाखला नव्हता म्हणून अपूर्ण ठरून परत आला. एवढ्याने भागते. पण खरे सांगायचे काम फुकट होते, त्याला सल्लागार कशाला लागतो?

वडिलांना सल्लागाराचे ते ‘नाही’ पटत नव्हते, हे सांगितले पाहिजे. ते कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले दिसले, कारण त्यांनी विचारले, ‘‘आवक क्रमांक पडला होता का?’’ पडला होता. ‘‘मग अर्ज होता,’’ ते म्हणाले आणि पोराच्या हातून माऊस काढून घेतला.

सल्लागाराने कार्ड पुढे सरकवले. त्यावर छापले होते: आजवर आमचा एकही अर्ज नाकारला गेलेला नाही.