त्रास नसताना तपासणी कशाला?

"डॉक्टर, मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?"

सुप्यात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. बीपीची गोळी लिहून झाली की तिशी ओलांडलेल्या बाईला मी विचारतो, "ताई, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी केली आहे का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं, आणि पाठोपाठ वरचा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर सुरुवातीची बरीच वर्षं मी स्वतःही हे विचारत नव्हतो. पेशंट ज्यासाठी आला तेवढंच पाहायचं, अशी आम्हा डॉक्टरांनाही सवय असते. ती चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते समजण्यासाठी आधी पेशीकडे पाहू.

पेशी आणि तिचे ब्रेक

आपलं शरीर एका फलित पेशीपासून सुरू होतं आणि वाढत वाढत तीस लाख कोटींहून जास्त पेशींचं होतं. सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती बनते, ऊतींपासून अवयव आणि अवयवांपासून संस्था. पेशी जुन्या होतात, नव्या जन्मतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात, तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, तर मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मभर त्याच राहतात.

एका पेशीच्या दोन होताना ४६ गुणसूत्रांची पूर्ण नक्कल करावी लागते. नक्कल म्हटली की चूक आली. म्हणून पेशीत तपासनीस प्रथिनं असतात. नकलेत चूक दिसली की ती विभाजन थांबवतात. चूक दुरुस्त होत नसेल तर पेशी स्वतःलाच संपवते. हे तिचे ब्रेक.

गर्भाशयमुखाच्या अस्तरात पेशींचे अनेक थर असतात. नव्या पेशी तळच्या थरात तयार होतात आणि वर सरकतात. एचपीव्ही नावाचा विषाणू बारीकशा जखमेतून या तळच्या थरात शिरतो. त्याच्या काही जाती दोन प्रथिनं तयार करतात आणि ती नेमके पेशीचे ब्रेकच निकामी करतात. मग चुकीची नक्कल झालेली पेशीही विभागत राहते.

इथे घाबरून जाऊ नका. बहुतेक स्त्रियांचं शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत स्वतःच काढून टाकतं. थोड्याजणींमध्ये तो टिकून राहतो आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात. या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही. म्हणजे 'त्रास नाही' हे तपासणी टाळण्याचं कारणच होऊ शकत नाही. उलट उपचाराची सर्वात सोपी वेळ तीच असते.

शेजारच्या जिल्ह्यातला पुरावा

हे पुस्तकी ज्ञान नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यांतल्या निरोगी स्त्रिया त्यात होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात सुमारे ३१ हजारांपैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

व्हीआयए ही दुसरी, स्वस्त तपासणी. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. त्या अभ्यासात ती एकदाच करून मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही तपासणी एकदा करून विसरायची नाही.

मग अडतं कुठे?

माझ्या मते पैशापेक्षा जास्त लाजेत आणि घरातल्या क्रमात अडतं. घरच्या बाईचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. शिवाय विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की संशय सुरू होतो. तो थांबवा. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. चारित्र्याचा इथे संबंध नाही.

पारनेर भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. चाळीतला कांदा आपण वास सुटायच्या आधी चाळून पाहतो. मग घरच्या माणसाच्या बाबतीत वासाची वाट का पाहायची?

म्हणून एवढं करा:

• वय ३० ते ६५ असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात व्हीआयए तपासणीची चौकशी करा. शक्य असेल तर एचपीव्ही तपासणी करून घ्या. पाळी चालू नसताना जा.
• पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढची तपासणी मात्र टाळू नका. कर्करोगाआधीचे बदल छोट्या उपचाराने काढता येतात.
• ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच.
• संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि पुरुष वाचकांना एक विनंती. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, "तुझी तपासणी झाली आहे का?" नसेल झाली, तर सोबत जा. बाहेर बाकावर बसून राहिलात तरी चालेल.