जामीनदाराची पत

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. समाजातील माणसाचे वजन ती पत, आणि उधारी मिळण्याची त्याची योग्यता तीही पतच. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत हे दोन अर्थ आजही फारसे वेगळे झालेले नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसे छत्तीसगडात स्थायिक होत गेली आणि रायपुरातील मराठी कुटुंबांनी १९३५ साली आपले महाराष्ट्र मंडळही उभे केले. आझाद चौक, कंकाली तलाव या परिसरात ज्यांची हयात गेली, त्यांना कर्जासाठी जामीनदार शोधत हिंडावे लागत नाही. शेजारचे काका, कार्यालयातील सहकारी किंवा मंडळातील स्नेही सही करतात. ‘सहीच तर करायची आहे’, असे म्हणून ती केली जाते आणि चार दिवसांत विसरलीही जाते.

बँकेच्या दप्तरी मात्र ती सही विसरली जात नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. ऋणकोकडून वसूल न झाल्यासच जामीनदाराकडे जावे लागते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. त्यात गेल्या पंचवीस वर्षांत एक नवी गोष्ट जोडली गेली. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या देशात काम करतात. त्यांच्या अहवालात माणसाची स्वतःची कर्जे असतातच. शिवाय ज्या कर्जांना तो जामीन राहिला, ती खातीही ‘जामीनदार’ या शेऱ्यासह दिसतात. ते खाते थकले की ३०० ते ९०० या मापावरील त्याचा गुणांक खाली येऊ शकतो.

असे समजू की, निवृत्तीला थोडी वर्षे उरलेला एक कर्मचारी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास शाखेत येतो. त्याने आयुष्यात एकही हप्ता चुकविलेला नाही. तरीही गुणांक अपुरा असल्याचे त्याला काउंटरवर, इतर ग्राहकांसमक्ष सांगितले जाते. सहा वर्षांपूर्वी सहकाऱ्याच्या वाहनकर्जाला तो जामीन राहिला होता. सहकारी बदली होऊन गेला आणि हप्ते थांबले. या माणसाला पैशाच्या अडचणीपेक्षा अपमान अधिक लागतो, आणि त्याचे तसे वाटणे रास्त आहे.

अशा ग्राहकाने प्रथम आपला अहवाल मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. गुणांकाचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा खात्यांच्या नोंदी एकेक करून वाचाव्यात. फेडलेले कर्ज चालू दिसणे, दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढणे, असे प्रकार घडतात. नोंद चुकीची असेल तर कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करावी. पतमाहिती कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलू शकत नाही, म्हणून कर्जखाते क्रमांक व फेडीचा दाखला सोबत जोडणे हिताचे ठरते. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली व ती एप्रिल २०२४ पासून अंमलात आली.

नोंद खरी असेल तर मार्ग अधिक खडतर आहे. जामीनदाराने ऋणकोवर दबाव आणावा, आणि ते साधले नाही तर थकबाकी स्वतः भरण्याचा विचार करावा. भरलेली रक्कम ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क त्याच करार अधिनियमाने त्याला दिला आहे. प्रत्येक पावती स्वतःच्या नावाने घेऊन जपून ठेवावी. येथे एक सापळा आहे. थोडी सूट घेऊन तडजोडीने खाते मिटविले की अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, ‘क्लोज्ड’ नव्हे. पुढचा कर्ज देणारा तो शेरा पाहून सावध होतो. वसुलीच्या घाईत असलेले कर्मचारी ग्राहकाला हा फरक नेहमी समजावून सांगतातच असे नाही. तो सांगितला गेलाच पाहिजे.

यानंतर काळ जाऊ द्यावा लागतो. अहवालात छत्तीस महिन्यांचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. तो एका भरण्याने पुसला जात नाही. दरम्यान स्वतःचे हप्ते वेळेवर भरणे, क्रेडिट कार्डाची मर्यादा काठोकाठ न वापरणे आणि दहा ठिकाणी एकाच वेळी अर्ज न करणे, एवढेच हाती असते. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये; खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांना नाही.

तथापि सारा दोष ग्राहकाच्या माथी मारून बँकेने मोकळे होणे योग्य नाही. मंजुरीच्या दिवशी जामीनदाराला शाखेत सन्मानाने बसविले जाते. पुढे पुष्कळदा त्याची आठवण होते ती थेट खाते अनुत्पादक होण्याच्या सुमारास, म्हणजे थकबाकी नव्वद दिवसांवर गेली की. पहिला हप्ता चुकल्याच्या आठवड्यातच त्याला संदेश जावयास हवा. यावर ऋणकोच्या गोपनीयतेचा आक्षेप घेतला जाईल. परंतु जामीनदार त्या कराराचा पक्ष आहे. ज्या देण्याला तो बांधील आहे, त्याची स्थिती त्याच्यापासून लपविण्यात कसली गोपनीयता? कामाचा बोजा वाढेल, हेही म्हणणे टिकत नाही. ऋणकोला जाणारा संदेश संगणकच पाठवितो, त्यात आणखी एक क्रमांक जोडावयाचा आहे. एका थकीत हप्त्याची रक्कम जामीनदार मित्राकडून हक्काने भरवून घेऊ शकतो. बारा हप्ते साचल्यावर मैत्रीही उरत नाही आणि वसुलीही.

अडचण आहे ती क्रमांकांची. अनेक जुन्या कर्जखात्यांत जामीनदाराचा भ्रमणध्वनी नोंदलेलाच नाही, किंवा असलेला केव्हाच बदलला आहे. शाखांनी अशा खात्यांची यादी काढून ती नोंद अद्ययावत करावी. जामीनदारांनीही आपण होऊन शाखेत क्रमांक द्यावा, आणि ज्या कर्जाला सही केली त्याची शिल्लक व थकबाकी वर्षातून एकदा लेखी मागावी. एकदा दिलेली जामीनकी मध्येच काढून घेता येत नाही. त्यासाठी बँकेची संमती, आणि बहुधा दुसरा जामीनदार लागतो. तेव्हा सही करण्यापूर्वी मुदत किती, हप्ता किती आणि तो आपल्याला भरता येईल काय, एवढे तीन प्रश्न शेजारच्या काकांनी विचारले तर त्यात कुणाचा अवमान नाही.