पंचवीस डॉलरांत दोन देश

गेल्या अंकात आम्ही आमच्या कॅरिबियन समुद्रातील जलप्रवासाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर निपाणीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. "गुरुजी, जहाज बंदराला लागल्यावर खाली उतरून काय पाहिलेत आणि खर्च किती आला, ते सविस्तर लिहा, आमचाही मुलगा आम्हांला न्यावयाचे म्हणतो आहे," असा त्यांचा आग्रह आहे. खर्चाची चौकशी करणारा वाचक आम्हांला नेहमीच जवळचा वाटतो. तेव्हा या महिन्यात तोच विषय.

ही गोष्ट डिसेंबर २०२४ ची. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला परदेशी जावयाचे तर किती कागद किती टेबलांवरून फिरवावे लागतात, ती कहाणी निराळी आणि ती निवृत्तीनंतर सांगण्याजोगी आहे. फ्लॉरिडातील आमच्या कन्येने व जावईबापूंनी सात रात्रींची सफर ठरविली होती. जहाजाचे भाडे त्यांनी भरले, त्यामुळे त्याविषयी बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. अधिकार आहे तो सेंट मार्टिन बेटावरील एका दिवसाविषयी. कारण त्या दिवसाचे पैसे आम्ही आमच्या खिशातून दिले. नातीला आदल्या रात्रीपासून ताप होता म्हणून मुलगी व जावई जहाजावरच थांबले आणि आम्ही दोघेच खाली उतरलो.

जहाजावर सहलींची एक खिडकी असते. तेथे बेटदर्शनाचा दर माणशी ७९ डॉलर होता. या सहलीचा एक फायदा प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. जहाजाच्या सहलीची गाडी वाटेत अडकली, तर जहाज तिच्यासाठी थांबते. बाहेरून ठरविलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही; उशीर करणाऱ्याने पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे. धक्क्याबाहेर मात्र छोट्या बसगाड्यांची रांग उभी होती आणि तेथे तीन-साडेतीन तासांच्या फेरीचा दर होता माणशी २५ डॉलर. फरकाचा रुपयांतील गुणाकार सौभाग्यवतींनी मनातल्या मनात केला. तो नऊ हजारांवर गेला आणि प्रश्न मिटला.

गाडी ठरविताना दर माणशी की गाडीला, परत कोठे सोडणार आणि केव्हा, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. जहाजाचे ओळखपत्र छातीशी धरावे. आणि गाडी भरल्याखेरीज निघत नाही हे गृहीत धरावे. आमची पाऊण तासाने निघाली. आपल्याकडच्या वडापवाल्यांची सवय असणाऱ्यांस हे जड जाऊ नये.

गाडी चालविणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या असाव्यात. एका हाताने चाक धरून त्या अखंड बोलत होत्या. प्रथम लागले ते फिलिप्सबर्ग गावामागचे मोठे खाजण. हे येथले मिठागर. गोव्यातील वाचकांना मिठागर म्हणजे काय ते सांगावयास नको. हॉलंडचे लोक १६३१ साली या बेटावर आले ते याच मिठासाठी. त्यांचा हेरिंग मासा खारविण्यास मीठ लागे. भर उन्हात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून ते मीठ काढण्याचे काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. हा धंदा १९४९ साली बंद पडला. आज त्या खाजणाच्या मध्यावर शहराच्या कचऱ्याचा डोंगर आहे. जहाजावर वाटतात त्या रंगीत पत्रकात हा डोंगर नाही. बाईंनी मात्र तो आवर्जून दाखविला आणि काच वर करावयास सांगितले. पंचवीस डॉलरांतील पहिले पाच आमच्या मते येथेच वसूल झाले.

पुढे माहो नावाच्या पुळणीवर विमाने डोक्यावरून अगदी हात लावता येईल इतकी खाली येतात. तेथे लोक कुंपणाला धरून उभे राहतात, आणि २०१७ साली विमानाच्या झोताने तेथे एका बाईंचा जीव गेला. आम्ही लांबूनच पाहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्या इर्मा चक्रीवादळाने छपरे उडविलेल्या इमारती मधूनमधून अजून तशाच उभ्या दिसतात.

आता मुख्य गोष्ट. हे बेट अवघे ८७ चौरस किलोमीटरांचे. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढे. पण त्यावर दोन देश आहेत. उत्तरेचा भाग फ्रान्सचा, दक्षिणेचा नेदरलँड्सच्या राज्याचा. १६४८ साली स्पेनचे सैन्य बेट सोडून गेले, तेव्हा मागे उरलेल्या फ्रेंच व डच लोकांनी २३ मार्च रोजी तह केला आणि बेट वाटून घेतले. लोककथा अशी की, एक फ्रेंच व एक डच किनाऱ्याने पाठीला पाठ लावून चालू लागले आणि जेथे भेटले तेथे सीमा ठरली. फ्रेंच गृहस्थाजवळ द्राक्षांची वारुणी होती, डच गृहस्थाजवळ जिन. जिन अधिक चढली म्हणून डचांची वाट कमी झाली. कथा खरी नसणारच. तहात मात्र एक शहाणपणाचे कलम होते: मीठ, मासे आणि शिकार दोघांनी वाटून घ्यावी. पुढे लढाया झाल्या, इंग्रजांनीही मधूनमधून बेट बळकाविले. परंतु वाटणी टिकली.

सीमेवर बाईंनी गाडी थांबविली. रस्त्याच्या कडेला एक साधा स्तंभ आहे. तहाला तीनशे वर्षे झाली म्हणून १९४८ साली उभारलेला. नाके नाही, पहारा नाही, पारपत्र पाहणारा कोणी नाही. भाजीची गाडी गेली, शाळेची मुले गेली, एक मोटारसायकलवाला शीळ घालीत गेला. देश बदलल्याचे कोणाच्या चेहऱ्यावर दिसले नाही. विजेचा दाब तेवढा बदलतो, एकीकडे ११० व्होल्ट, दुसरीकडे २२०. आणि या घरून त्या घरी दूरध्वनी केला तर तो परदेशी धरला जातो. चलनेही वेगळी, फ्रेंच बाजूस युरो आणि डच बाजूस गिल्डर. पण डॉलर दोहोंकडे चालतो.

सौभाग्यवती स्तंभापासून चालत पलीकडे पन्नास पावले गेल्या आणि वळून परत आल्या. पुन्हा गेल्या. सहप्रवाशांना गंमत वाटली. आम्हांला वाटली नाही.

सरकारी नोकराने सीमाप्रश्नावर लिहावयाचे नसते आणि आम्ही लिहीतही नाही. केवळ भूगोल सांगतो. आमच्या सौ. चे माहेर चंदगड तालुक्यातले. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात कोल्हापूर जिल्ह्यास जोडले गेले. सासूबाई सांगत, की एक दिवस उठलो तो तालुका तोच, कचेरी तेवढी लांब गेली. २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडचे वातावरण तापले आणि गाड्या थांबल्या. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंचा आजार वाढल्याचा निरोप आला. एका ओळखीच्याने आम्हांला शिनोळीच्या अलीकडे सोडले. पुढे हातात पिशवी घेऊन आम्ही चालत पलीकडे गेलो आणि तेथून दूधवाल्याच्या टेम्पोने गाव गाठले. पोहोचलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. ओळख पटली एवढे मात्र खरे.

हे बाईंना सांगावे असे आमच्या मनात नव्हते. सौभाग्यवतींनीच मोडक्या इंग्रजीत सांगितले. बाई काही वेळ गप्प राहिल्या. त्या दिवसातील त्यांची ती पहिलीच शांतता. मग म्हणाल्या, आमच्याकडेही हे एकदा झाले. २०२० साली साथीच्या काळात फ्रेंच बाजूने सीमेवर शिपाई उभे केले. बाईंची मुलगी पलीकडे राहते. दोन्हीकडच्या लोकांनी याच ठिकाणी जमून निषेध केला आणि सप्टेंबरात पहारा उठला. फार प्राचीन सलोखा म्हणून जो दाखवितात, त्यालाही राखावे लागते, असे बाईंच्या बोलण्यावरून दिसले. बेटाच्या पूर्वेस ऑयस्टर पाँड नावाची खाडी आहे. तिच्यातून रेषा नेमकी कोठून जाते हा वाद तर २०२३ च्या मे महिन्यात करार होऊन मिटला. म्हणजे तहानंतर ३७५ वर्षांनी!

मारिगो हे फ्रेंच बाजूचे गाव. बाजार सुबक, दर चढे. आम्ही फक्त पाणी घेतले. तेथे आमच्यातील शिक्षक जागा झाला आणि आम्ही बाईंना विचारले, नातू कोणत्या भाषेत शिकतो? त्यांनी सांगितले ते आम्ही टिपून घेतले. बेटावरची मूळ घरे दोन्हीकडे इंग्रजी बोलतात. डच बाजूस शाळांतून बहुधा इंग्रजी चालते. फ्रेंच बाजूस मात्र शाळा फ्रेंच. "नातू घरचा अभ्यास घेऊन येतो आणि मला त्यातले काही कळत नाही. तो मला शिकवितो," असे त्या हसत म्हणाल्या. त्या हसण्यात थोडे दुखणे होते, की आम्हांलाच तसे ऐकू आले, कोण जाणे. आमच्या मराठी शाळेच्या पहिलीच्या पटावर या वर्षी अकरा नावे आहेत. बाकीची मुले गावातच आहेत. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेस जातात. त्यांच्या आज्यांना घरचा अभ्यास कळत नाही. आणि या मुलांपैकी दोन आमच्याच सहशिक्षकांची आहेत, हेही लिहिले पाहिजे.

बाईंनी जाता जाता आणखी एक दाखविले. फ्रान्सने १८४८ साली गुलामी रद्द केली. डचांनी १८६३ साली. मधल्या पंधरा वर्षांत डच बाजूचे कित्येक गुलाम रात्रीतून डोंगर ओलांडून पलीकडे गेले. ती टेकडी त्यांनी बोटाने दाखविली. झुडपांनी भरलेली साधी टेकडी.

परतीच्या वाटेवर बाईंनी फिलिप्सबर्गच्या मुख्य रस्त्यावर सोडले. तेथून जहाज चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. या रस्त्यावर सोन्याची व घड्याळांची दुकाने दाट आहेत आणि त्यांतील पुष्कळ सिंधी व्यापाऱ्यांची. एका दुकानाच्या दारातून शुद्ध मराठीत हाक आली: "या ताई, आत बसा, ऊन आहे." गृहस्थ उल्हासनगरचे. वडील सिंधमधून फाळणीत आले, हे उल्हासनगरात वाढले आणि आता येथे. त्यांनी थंड पाणी दिले आणि काही घेण्याचा आग्रह केला नाही. सीमेचा स्तंभ पाहून आलो असे सांगितले, तेव्हा म्हणाले, "छान आहे. आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत घराची किल्ली ठेवली होती."

बोलण्यात वेळ गेला. आमच्या मनगटावर १९९२ सालच्या पहिल्या पगारातले एचएमटी आहे. त्यात तीनला दहा कमी होते. जहाज साडेचारला बंद होणार, म्हणून आम्ही निश्चिंत. दुकानदारांनी आमच्या घड्याळाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, तुमचे एक तास मागे आहे." आदल्या रात्री जहाजाने घड्याळे एक तास पुढे केली होती. तशी चिठ्ठी खोलीत आली होती. कप्तानाच्या सांगण्यावरून एचएमटीला हात लावावयाचा नाही, असा निश्चय आम्ही केला होता, आणि सौभाग्यवतींनी त्यास तेव्हाच विरोध नोंदविला होता.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे वर्णन आम्ही करीत नाही. छप्पन्नाव्या वर्षी मुख्याध्यापकाने भर रस्त्यात पळणे शोभत नाही, एवढे म्हणतो. शिडीवर पाय ठेवला तेव्हा दहा मिनिटे उरली होती. जावईबापू कठड्याशी उभे होते आणि त्यांचा चेहरा पाहून ७९ डॉलरांचा अर्थ आम्हांला कळला. दिवसाचा एकूण खर्च बाईंच्या बक्षिसासह ५८ डॉलर झाला, हे निपाणीच्या भगिनींच्या माहितीसाठी.

नातीचा ताप उतरला होता. पांघरुणातून डोके काढून तिने विचारले, "आजी, तू कुठे गेली होतीस?"

"फ्रान्सला," सौभाग्यवती म्हणाल्या.

"विमानाने?"

"नाही गं. चालत."