जाळीआडची शर्यत

दोस्तांनो, जुहूच्या एका सातवीतल्या मित्राचं पत्र आलंय. त्याचा मामा परदेशात मोटारींची शर्यत बघायला गेला होता. महागाचं तिकीट काढून अगदी पहिल्या रांगेत बसला आणि परत येऊन म्हणाला, "नुसती जाळी बघून आलो!" मित्र विचारतो, एवढे पैसे घेतात, मग मध्ये जाळी कशाला?

गंमत अशी, की या मित्राच्या घराजवळच एके काळी मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन उतरले, त्या जुहू विमानतळाच्या धावपट्टीवर! मद्रासजवळ शोलावरमलाही जुन्या धावपट्टीवरच शर्यती व्हायच्या. धावपट्टी म्हणजे सगळी सपाट जागा. तिथे कडेला उभं राहिलं, की गाडी अगदी जवळून सुसाट जाणार. मजा खरीच! पण ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ५० मीटर जाते. ती भरकटली तर पळणार कधी?

११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मां इथे तेच झालं. पुढची जग्वार थांबण्यासाठी एकदम मंदावली. तिला चुकवायला ऑस्टिन-हीली बाजूला सरकली आणि मागून आलेली पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून उडाली. प्रेक्षकांपुढे होता फक्त मातीचा बुटका बांध. गाडीचं इंजिन सुटून गर्दीत घुसलं. ८० हून जास्त प्रेक्षक गेले, लव्हेगही गेला. शर्यत मात्र चालूच ठेवली! सगळे एकदम निघाले तर रस्ते तुंबून रुग्णवाहिका अडकतील, असं संयोजकांचं म्हणणं. (मला अजून ते पुरतं पटलेलं नाही.) स्वित्झर्लंडने तर अशा शर्यतींवर बंदीच घातली. ती कित्येक दशकं टिकली.

म्हणून आता प्रेक्षक लांब बसवतात, घसरलेली गाडी रुतावी म्हणून काही वळणांवर खडी पसरतात आणि पोलादी तारांची जाळी लावतात. जाळी गाडीइतकीच सुटलेल्या तुकड्यांसाठी असते. फॉर्म्युला वनमध्ये तर चाकंसुद्धा मजबूत दोरांनी गाडीला बांधलेली असतात, बरं का!

मग मामाला दिसलं का नाही? घरातल्या खिडकीच्या डासांच्या जाळीतून समोर बघा, रस्ता छान दिसेल. आता अगदी तिरकं बघा. तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या होऊन पडदाच तयार होतो! शर्यतीतली गाडी लांबून तिरकीच येते. ती बरोब्बर समोर असते फक्त निमिषभर, तेवढ्यात मामाने पापणी मिटली असणार.

तेव्हा मित्रा, मामाला सांग, पुढच्या वेळी वरच्या रांगेचं तिकीट काढ. तिथून नजर जाळीच्या वरून जाते. आणि सरळ रस्त्यापेक्षा अवघड वळणाजवळ बस, तिथे गाड्यांना वेग कमी करावाच लागतो. कानात घालायला कापसाचे बोळे मात्र विसरू नकोस म्हणावं!