घट्ट म्हणजे आधार नव्हे!

"डॉक्टर, छातीत डाव्या बाजूला दुखतंय. हार्टचं काही नसेल ना?"

शाळेत शिकवणाऱ्या 46 वर्षांच्या बाई. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल. मग कॅन्सरची भीती, म्हणून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. तीही नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, वेदनाशामक झाल्या, "टेन्शन घेऊ नका" हेही सांगून झालं. चौथ्या खेपेला त्या पडद्याआडून कपडे नीट करून बाहेर आल्या आणि आमच्या सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, त्यांच्या ब्राचा पट्टा एवढा रुतलाय की खाली काळा वळ पडलाय. आधी तेवढं बदलायला सांगू का?"

बदललं. तीन आठवड्यांत दुखणं बरंचसं कमी झालं. माझ्या एमडीच्या पदवीने जे विचारलं नाही, ते सिस्टरच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. काहींना ते आवडणार नाही, तरी स्पष्ट लिहितो: बायकांच्या आतल्या कपड्यांकडे आपण लाज आणि फॅशन या दोनच नजरांनी पाहतो. तो आरोग्याचा आणि कापडाच्या रचनेचा प्रश्न आहे, हे दुकानदार, कंपन्या आणि आम्ही डॉक्टर सगळेच टाळतो.

आधार कशाला लागतो?

स्तनात चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि तंतूंचं जाळं असतं. स्वतःचा स्नायू नसतो. छातीचा स्नायू त्याच्या मागे असतो. स्तन तोलून धरायचं काम त्वचा आणि आतले बारीक तंतुबंध करतात. इंग्रज सर्जन ॲस्टली कूपर यांनी 1840 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना 'कूपरचे लिगामेंट' म्हणतात. चालताना, धावताना, एसटी खड्ड्यातून जाताना स्तन वर-खाली तर हलतोच, शिवाय डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतो. ही हालचाल वाढली की या तंतूंवर आणि त्वचेवर ताण येतो आणि दुखतं.

म्हणून "ब्रा घातल्याने स्नायू ढिले पडतात" हे चूक, कारण तिथे स्नायूच नाही. "ब्रामुळे कॅन्सर होतो" हेही चूक. अमेरिकेत सिॲटल भागात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवर झालेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्राचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा कोणताही संबंध आढळला नाही. "प्रत्येकीने चोवीस तास घातलीच पाहिजे" असंही वैद्यकशास्त्र म्हणत नाही. घरात, झोपताना नको वाटली तर घालू नका. पण जिथे वजन आहे, हालचाल आहे किंवा दुखणं आहे, तिथे आधार हा उपचार आहे.

हे माझं कौतुकाचं वाक्य नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तन दुखणाऱ्या 200 स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला डॅनॅझॉल हे हार्मोनचं औषध दिलं, दुसऱ्याला 12 आठवडे स्पोर्ट्स ब्रा वापरायला सांगितली. आराम पडला औषधाच्या गटात 58 टक्के जणींना, ब्राच्या गटात 85 टक्के जणींना. औषधाचे दुष्परिणाम झाले ते वेगळेच. हा एकच अभ्यास आहे आणि कोणी काय घातलंय हे लपवून असा अभ्यास करता येत नाही, हे मान्य. पण एखाद्या गोळीने 85 टक्के आराम दिला असता, तर तिचे प्रतिनिधी माझ्या दवाखान्यात रांग लावून बसले असते!

आजीच्या स्वेटरमधलं शास्त्र

आता मूळ मुद्दा. आधार येतो कुठून? बाजाराचं उत्तर सोपं आहे: आवळून. जास्त इलॅस्टिक घाला, एक साइझ लहान द्या, खाली तार घाला. हे उत्तर चुकीचं आहे आणि ते चुकीचं आहे हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

हाताने विणलेला स्वेटर आठवा. अंगाचा भाग सरळ सुलट टाक्यांचा. पण कमरेची आणि मनगटाची पट्टी? एक सुलट, एक उलट, किंवा दोन सुलट, दोन उलट. तीच लोकर, तीच माणसं विणणारी. फक्त टाका बदलला की कापडाचा स्वभाव बदलतो. पट्टी ताणली जाते आणि परत जागेवर येते, म्हणून स्वेटर कमरेला बसतो आणि पोटावर मात्र आवळत नाही. जिथे जे काम, तिथे त्या कामाचा टाका.

होजिअरीचं यंत्र हेच करतं, फक्त शेकडो सुयांनी आणि गोल नळीत. प्रत्येक सुई तीन गोष्टी करू शकते: पूर्ण टाका घालणं, धागा नुसता अडकवून ठेवणं, किंवा टाका सोडून धागा मागून सरळ नेणं. सोडलेल्या टाक्यांमागे धागा सरळ धावतो, म्हणून तिथे कापड आडवं कमी ताणलं जातं; तो भाग धरून ठेवतो. अडकवलेल्या टाक्यांनी कापड जाड आणि सच्छिद्र होतं. तिथून हवा खेळते. उलट-सुलट टाक्यांचा भाग ताणला जातो आणि परत येतो. सोबत स्पँडेक्सचा धागा. हा धागा 1958 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. आजची यंत्रं एकाच नळीत, शिवण न घालता, हे सगळे भाग शेजारी-शेजारी विणू शकतात.

म्हणजे स्तनाखाली धरून ठेवणारी वीण, छातीभोवतीच्या पट्ट्यात परत येणारी वीण, काखेखाली मऊ वीण, दोन स्तनांच्या मध्ये आणि पाठीवर जाळीची वीण. ना तार, ना रुतणारी शिवण. याला वेगवेगळ्या विभागांची वीण म्हणा. तंत्र जुनं झालं आहे. प्रश्न आहे तो ते कोणासाठी वापरलं जातं याचा.

घट्टपणाचं गणित

आम्हा डॉक्टरांना हे गणित माहीत असतं, फक्त ते आम्ही पायाला लावतो. व्हेरिकोज व्हेन्सच्या पेशंटला आम्ही लांब मोजे लिहून देतो. त्यांचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी. कापडाचा ताण सारखा असेल तर जिथे गोलाई लहान, तिथे दाब जास्त पडतो. त्यामुळे सगळीकडे सारखं ताणणारं कापड शरीरावर कधीच सारखं बसत नाही. ते बरगडीच्या वळणावर, खांद्याच्या कडेवर, कमरेच्या हाडावर रुततं आणि जिथे धरायला हवं तिथे सैल राहतं.

पायाच्या मोज्याला आम्ही आकडा लिहून देतो आणि छातीच्या दुखण्याला सांगतो, "जरा चांगली ब्रा घाला." चांगली म्हणजे कोणती? हे सांगायची आमची तयारी नसते, कारण आम्ही ते शिकलेलोच नसतो.

आणि या रुतण्याची किंमत असते. माझ्या ओपीडीत ती रोज दिसते. पावसाळ्यात स्तनांखाली घाम साठून होणारं इन्फेक्शन. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मिक्स क्रीम लावून तेच गजकर्ण महिनोन् महिने चिघळवलेलं. पोट सपाट दिसावं म्हणून घातलेल्या घट्ट शेपवेअरमुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ आणि बधिरपणा. तिथली नस कमरेजवळ दाबली जाते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या घट्ट ब्राने दुधाची नळी दाबून झालेली गाठ आणि ताप.

एक टोकाचं उदाहरण आपल्याच घरातलं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी 1945 साली सहकाऱ्यासोबत धोतर कमरेला कायम आवळून बांधण्याच्या जागी झालेल्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल लिहिलं. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली तसाच कॅन्सर झालेल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे, घाबरू नका. पण अरुंद दोरी वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की त्वचा काय सोसते, हे त्यातून कळतं. रुंद पट्टा तोच ताण पसरवतो. इथेही प्रश्न रचनेचाच.

मग अडतं कुठे?

1874 साली शिकागोच्या एका कंपनीने सायकल चालवणाऱ्या पुरुषांसाठी जॉकस्ट्रॅप तयार केला. स्त्रियांसाठी पहिली स्पोर्ट्स ब्रा आली 1977 मध्ये. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी ती बनवली. पहिला नमुना कसा झाला माहीत आहे? दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवून! पुरुषाच्या सोयीनंतर 103 वर्षांनी, आणि तीही पुरुषाच्याच कपड्यातून. अडतं ते इथे: तंत्रात नाही, प्राधान्यात.

आपल्याकडे तर खरेदीच चोरट्यासारखी होते. पुरुष दुकानदार, काउंटरवर गर्दी, "चौतीस द्या" एवढंच बोलायचं, कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचं. माप नाही, घालून पाहणं नाही, बदलून मिळणं नाही. विसाव्या वर्षीचा आकडा दोन बाळंतपणं आणि पंधरा किलोनंतरही चालूच. डब्यावर काय लिहिलेलं असतं? लेस, रंग, "परफेक्ट शेप". पट्टा किती ताणला जातो, कुठला भाग धरतो, कुठून हवा खेळते, याबद्दल एक शब्द नाही. उलट "पाठीचा बाक घालवणारी", "चरबी वितळवणारी" असली आश्वासनं. कापड चरबी वितळवत नाही. ते चरबी बाजूला सरकवतं, संध्याकाळी ती परत जागेवर येते.

"आमच्या आज्यांचं काय अडलं होतं?" असं कोणी विचारेल. आजीची चोळी अंगाच्या मापाने बेतलेली होती आणि पुढची गाठ रोज हवी तशी सैल-घट्ट होत होती! आजही टेलर कटोरी ब्लाउज शिवताना कटोरी, पट्टी, टक्स वेगवेगळे कापतो. म्हणजे वरच्या ब्लाउजला आपण विभाग पाडून माप देतो आणि आतल्या, खरा भार उचलणाऱ्या कपड्याला मात्र एक आकडा सांगून मोकळे होतो.

"हे सगळं महागात जाईल" हा दुसरा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. पण मुद्दा महाग ब्राचा नाही, योग्य मापाचा आहे. स्वस्त पण मापाची ब्रा ही महाग पण रुतणाऱ्या ब्रापेक्षा केव्हाही चांगली. आणि वर सांगितलेल्या बाईंच्या तपासण्यांचा खर्च मिळवून बघा.

घरी आणि दुकानात काय पाहाल?

1. आकडा म्हणजे स्तनांखालचा घेर, अक्षर म्हणजे कपाचं माप. दोन्ही वेगळी मोजा. वजन बदललं, बाळंतपण झालं, पाळी गेली की पुन्हा मोजा.
2. पट्टा चारी बाजूंनी आडवा बसला पाहिजे. मागून वर चढत असेल तर तो सैल आहे. दोन बोटं सहज जात नसतील तर घट्ट.
3. खांद्यावरचे पट्टे क्षणभर उतरवून पाहा. सगळं खाली आलं तर भार खांदे उचलत आहेत. बहुतांश भार छातीभोवतीच्या पट्ट्याने उचलायला हवा.
4. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे. कापड वापराने सैलावतं, तेव्हा आतले हुक कामी येतात.
5. कापड दोन ठिकाणी ताणून पाहा. कपाखाली आणि पट्ट्यात ते सारखंच ताणलं जात असेल, तर आत विभागांची वीण नाही, नुसतं इलॅस्टिक आहे. उजेडासमोर धरा, मधे आणि पाठीवर जाळी दिसते का?
6. उकळतं पाणी आणि ब्लीच स्पँडेक्सला मारतात. साध्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच घाला.

एक इशारा. छातीत दुखून घाम, धाप किंवा हाताकडे-जबड्याकडे कळ जात असेल तर ब्राचा विचार करत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. स्तनात गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव, त्वचेवर खळगा किंवा बोंड नव्याने आत ओढलेलं दिसलं, तर लगेच दाखवा.

कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे: मोज्यावर जसा दाब छापता, तसं आतल्या कपड्यावर छापा की कुठला भाग काय काम करतो. दुकानदारांकडे मागणी: माप घेणारी एक बाई आणि एक पडदा. माझ्या डॉक्टर मित्रांकडे तर त्याहून साधी: स्तन, मान किंवा खांदे दुखणाऱ्या पेशंटला महागडी तपासणी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा, "शेवटचं माप कधी घेतलं होतं?"

मी तो आता प्रत्येकीला विचारतो. बहुतेक जणी आधी लाजतात आणि मग म्हणतात, "लग्नाच्या वेळी."