पोरं कुणाची, दगड कुणाचा?



भिवंडीत दंगल झाली की मोठी माणसं विचारतात, पोरं कुणी बिघडवली? मी विचारतो, बिघडायच्या आधी ती होती कुठं? यंत्रमागाच्या खडखडाटात, बारा-बारा तास. मंदी आली, माग बंद, मजुरी बंद. पोरगं नाक्यावर. तिथं कुणीतरी येतं. आधी चहा, मग डोक्याला पट्टी, मग दुश्मनाचं नाव. भाकरीचं नाव कुणी काढत नाय.

७ मे १९७०. शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि भिवंडी पेटली. सरपण आधीच रचलेलं होतं, हे न्यायमूर्ती मादन आयोगानं लिहून ठेवलंय. मे १९८४ ला पुन्हा तेच, आग मुंबईपर्यंत गेली.

पण १९९२-९३ ला मुंबई जळाली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. पुढारी नव्हे, गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान शेजारी बसवलेली. अफवा आली की आधी खरं-खोटं करायचं. ओळखीच्या तोंडावर दगड मारायला हात जड होतो. एवढंच त्यातलं शास्त्र.

दुकानं मात्र बंद झाली नाहीत. ९ डिसेंबर २०२३ ला एनआयएनं पडघ्याजवळच्या बोरिवली गावासह ठिकठिकाणी छापे घातले, इसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून पंधरा जणांना धरलं. गुन्हा कोर्टात ठरेल. पण एका गावाच्या नावानं अख्ख्या जमातीला अतिरेकी म्हणायला टपलेलं दुकान समोरच उघडं आहे. दोघांनाही गिऱ्हाईक पायजे ते आपल्याच वयाचं.

आणि आपली वस्ती? मिरवणुकीत पुढं आपलं पोरगं, खटल्यात पहिलं नाव त्याचंच. नोकरीच्या वेळी पोलिसांचा दाखला अडतो तेव्हा पट्टी बांधणारा ओळख देत नाय.

सरकार ‘अतिरेकी’ म्हणतं तेव्हाही कान टवकारा. १ जानेवारी २०१८ च्या भीमा-कोरेगावनंतर लेखक, वकील, प्राध्यापक यूएपीएखाली खटल्याविना वर्षानुवर्षं आत राहिले. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले. म्हणून पोरं वाचवायचं काम नुसतं पोलिसांवर टाकता येत नाय. ते आपलं काम आहे.

संताप सोडा असं मी म्हणत नाय. संताप आपली कमाई आहे. पण जो मालकाला, सावकाराला, जातीला प्रश्न विचारतो तो संताप. जो शेजाऱ्याचं दार दाखवून प्रश्नच बंद करतो तो विखार. भडकवायला येईल त्याला विचारा: तुझं पोरगं कुठं शिकतं? दगड घेऊन तेही येणार काय? आमचा जामीन कोण भरणार?

उत्तर येणार नाय. मग त्याच नाक्यावर वाचनालय उघडा, मागावरच्या मोमीन पोराला शेजारी बसवा, मजुरीचा हिशेब मिळून मागा.

जय भीम!