शेतीचे शिक्षण आणि दुसरीचे पुस्तक



फवारणीला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या हातातला औषधाचा डबा आपण कधी नीट पाहिला आहे का? त्यावर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वात विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. शेजारी बारीक अक्षरांत सूचना असतात. पाण्यात किती मिसळायचे, अंगात काय घालायचे, विषबाधा झाली तर काय करायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण इस्पितळात पडले. कारणे अनेक होती. अंगावर संरक्षक साधने नव्हती, औषधे एकमेकांत मिसळली जात होती. गेलेल्यांना दोष देण्याचे पाप आपण करायचे नाही. पण एवढे खरे, की ज्ञान एकाकडे आणि पाठीवरचा पंप दुसऱ्याकडे, अशी वाटणी असते तिथे मरण पंपवाल्याच्याच वाट्याला येते.

ही वाटणी मोडायची कशी? शिक्षणाने. पण शेतीच्या शिक्षणाचे नाव काढले की आपल्या घरात दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, "शेतीच करायची तर शाळा कशाला?" दुसरा म्हणतो, "एवढा शिकलास, मग पुन्हा मातीत कशाला हात घालतोस?" दुसऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर वेठबिगारी केली आहे. पण त्या रागापोटी एक विद्याच आपण दुसऱ्याच्या हवाली करायची का?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, हे त्यांनी सांगितले आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, हेही सांगितले. नांगराची मूठ धरायला ज्याला लाज वाटत नाही असा शिक्षक त्यांना खेड्यातल्या शाळेत हवा होता. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीला भांडवल आणि अवजारे हवीत आणि जादा हातांना उद्योगधंद्यात काम हवे, असा त्यांचा विचार होता. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर उभा केला. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २००४ साली योजना काढली. तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद झाली. म्हणजे जमिनीसाठी झगडणारे आपले होते. मग त्या जमिनीचे शास्त्र शिकणारेही आपले नकोत का?

त्याची वाट आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत. दहावीनंतर कृषी पदविकेला जाता येते. बारावी विज्ञान करून प्रवेश परीक्षा दिली, तर चार वर्षांची कृषी पदवी घेता येते. राखीव जागा आहेत, भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे कागद वेळेवर काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत धावाधाव करून अनेकांची संधी हुकते.

पण बंधूंनो, या वाटेचे दार दहावीत उघडत नाही. ते पहिली-दुसरीत उघडते. ज्या मुलाला आठ ओळींचा उतारा वाचून त्याचा अर्थ सांगता येत नाही, तो पुढे विज्ञानाचे पुस्तक कसे वाचणार? देशभराची 'असर' पाहणी सांगते, की सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात २१ होती. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि २०२२ साली ती १६ वर आली. २०२४ साली ती २३ वर गेली. घसरण भरून निघाली, हे गुरुजनांचे श्रेय. पण उरलेल्या ७७ मुलांचे काय? ती मुले कोणाच्या घरची आहेत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. खाजगी शिकवणीची फी भरू न शकणाऱ्यांचीच ती आहेत.

म्हणून सरकारी मदत आपण हक्काने मागायची. २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, यासाठी ते आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर प्रत्येक मुलाची प्रगती पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतली कोणती भगिनी त्या समितीत आहे? सभेला ती बोलते, की नुसती सही करून येते?

आज रात्री जेवणे झाल्यावर एक करा. लेकराला जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला सांगा. आपल्याला वाचता येत नसेल तर लाजू नका, कान तर आहेत. ते अडखळले तर रागावू नका, मारू तर मुळीच नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना विचारा, "आमच्या लेकराला जादा वेळ केव्हा देता?" महिन्याने तेच पान पुन्हा वाचून घ्या. कापूस वेचणीच्या, सोयाबीनच्या दिवसांत त्याला शाळेतून काढून रानात नेऊ नका. त्या आठवड्याची मजुरी संपून जाते, बुडालेला धडा मात्र वर्षभर मागे राहतो. विहारात संध्याकाळी एक दिवा आणि एक चटई असली, की अभ्यासिका सुरू होते. वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलामुलींनी रोज एक तास द्यावा.

तथागतांनी शेतकऱ्याला धम्म समजावला, तोही बी आणि नांगराच्या भाषेत. ती भाषा आपली आहे. उद्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे आपल्या लेकीने वाचावीत आणि परवा ती अक्षरे तपासून लिहिणारी कृषी अधिकारी तीच असावी. सुरुवात आज रात्रीच्या एका पानापासून होते.

जय भीम! नमो बुद्धाय!